विमलाच्या केसांची उशी

एक होती खाडी. खाडीला होता धक्का, धक्क्याच्या वरच्या अंगाला होतं आमचं घर, आणि घरात होती चार माणसं. मी चंद्रभागा, माझा झील दादू, सून विमला आणि नात सेजल. त्यातलं एक माणूस खाडीने नेलं, मग राहिल्या तिघी बायका. गोष्ट त्या तिघींची. आणि खरं सांगू, चौथ्याचीही.

दिवा जरा इकडे ओढा. नजर अधू झाली माझी, पण आठवण शाबूत आहे.

दादू गेला त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. संध्याकाळी होडी घेऊन गेला, आणि भरतीबरोबर होडी एकटीच परत आली. उलटली नव्हती, फुटली नव्हती. जाळं घडी घालून ठेवलेलं, विड्यांचं बंडल सुकं. माणूस तेवढा नव्हता. पोलिसांनी लिहून नेलं, होड्यांनी चार दिवस शोधलं, काही मिळालं नाही. सेजल तेव्हा अकरा वर्षांची.

मिळालं नाही म्हणून विमलाने कुंकू पुसलं नाही. मीही पूस म्हटलं नाही. आणखी एक गोष्ट तिने केली. आमच्याकडे बायका विंचरलेल्या केसांचा गुंता जपून ठेवतात. केसांवर भांडी देणारा येतो, त्याला घालतात. विमला घालायची नाही. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात दाबून ठेवायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "ते आले काय बघूंदेत, किती दिवस वाट बघलंय ती." लोक भिंतीवर कॅलेंडर लावतात, तिने डब्यात ठेवलं होतं. सेजलही त्याच फणीने विंचरायची, त्यामुळे त्यात पोरीचेही केस असायचे.

तर त्या वर्षीच्या पावसात धक्क्याला बांधलेला एक जुना ट्रॉलर कलंडला. मालक कोण, कुठला, कुणाला ठाऊक नाही. अर्धा पाण्यात, अर्धा वर, कुशीवर झोपल्यासारखा पडला. पाऊस सरला आणि त्याच्या पोटातून डिझेल झिरपायला लागलं. आधी पाण्यावर रंगीत चकाकी आली, मोराच्या पिसासारखी. पोरं बघायला जमली. मग काळा थर आला. त्यात बाटल्या, थर्माकोल, चपला, देवाचं निर्माल्य, सगळं अडकून धक्क्यापाशी गोळा व्हायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात वरच्या अंगाच्या शिंपल्यांनी तोंडं उघडली. शिंपल्या मेल्या की उघडतात. वास असा की पेज घशाखाली उतरेना.

बंदर खात्याचा एक तरुण साहेब आला, गुरुदास नावाचा. त्याने गावच्या बायकांना साफसफाईचं काम दिलं. विमला पहिली पुढे झाली. धाकू म्हातारा होडी वल्हवायचा, विमला पुढे बसून लांब दांड्याच्या जाळीने घाण उचलायची. खाडीत जायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग गुरुदास म्हणाला, तेल काढायला केस लागतील.

"केस?" मी विचारलं. "माणसाचे?"

"हो आजी. आपण डोक्याला तेल लावतो, ते केसच धरून ठेवतात ना? तसंच. जाळीच्या पिशवीत केस दाबून भरायचे, उशीसारखे. अशा चाळीस उशा एका दोराला बांधून खाडीच्या तोंडाशी आडव्या सोडायच्या. उशी तेल पिते. काढायची, पिंपात पिळायची, परत सोडायची."

तर उशा भरण्याचं काम माझ्याकडे आलं. पेडण्याच्या न्हाव्यांकडून गोणी यायच्या. सेजल मांद्र्याला एका गेस्टहाऊसात कामाला होती, ती शेजारच्या पार्लरातून पिशव्या आणायची. काळे, पांढरे, मेंदीचे तांबडे, गोऱ्या बायकांचे सोनेरी. कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत मी ते भरायची. आणि भरण्याआधी प्रत्येक मुठीवर तीनदा थुंकायची.

हसू नका. गळलेला केस टाकायचा तर थुंकून टाकायचा, हे माझ्या आवयने, आईने, मला फणी धरायच्या आधी शिकवलं होतं. थुंकलेला केस कुणाचा राहत नाही. न थुंकता टाकलेला केस आपल्या माणसाचाच राहतो, आणि त्याचा माग काढत कुणी यायचं म्हटलं तर येऊ शकतं.

धाकू चेष्टा करायचा. "चंद्रभागाकाकी, तुझ्या थुंकीनच खाडी साफ जातली! केस कित्याक व्हये?"

"तुझ्या टकलाक काय कळतला केसाचा?" मी म्हणायची.

एकोणचाळीस उशा झाल्या. अवस तोंडावर आली होती, उधाणाचं पाणी चढणार होतं. त्या पाण्याबरोबर तेल वर गेलं असतं तर उरलेल्या शिंपल्या, वायंगणाची भातशेतं, सगळंच संपलं असतं. गुरुदास सकाळपासून तीनदा येऊन गेला. "आजी, चाळिसावी? संध्याकाळी सोडायच्यात."

केस संपले होते. गोण झटकली तरी मूठभर निघेना. विमला धक्क्यावर होती, सेजल कामावर. मी फडताळ उघडलं.

डबा भरलेला होता. आठ वर्षांचे केस. हातात घेतले तर मऊ, ऊबदार, खोबरेल आणि आबोलीचा वास. एक लाल जाळीची पिशवी उरली होती, तिच्यात भरले. भरताना तोंड उघडलं थुंकायला. आणि थुंकवेना. परक्या मुलुखाच्या लोकांच्या केसांवर दोन महिने थुंकले, पण घरच्या सुनेच्या केसांवर? जिने माझ्या झिलाची वाट बघत एकेक केस जपला, तिच्यावर थुंकू?

दुसरंही एक मनात होतं. ते आज सांगते, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. वाटलं, माग काढत कुणी आलंच तर येऊ दे.

नेहमीसारखी सरळ गाठ मारली आणि उशी गुरुदासच्या हातात दिली.

रात्री विमलाने फडताळ उघडलं. "आई, तुमी माझ्या डब्याक हात लावलात?"

"एक उशी कमी पडली गे. शिंपल्या मरत होत्या."

वाटलं, रडेल, भांडेल. ती नुसती खिडकीशी जाऊन उभी राहिली, खाडीकडे तोंड करून. मग हळूच म्हणाली, "तोंडाशीच सोडली ना? खोल पाण्यात?"

पहिल्या सकाळी उशा काढल्या. सगळ्या काळ्याभोर, पिळल्या की पिंपात तेलाची धार. लाल उशी मात्र रांगेत नव्हती. धाकूला ती कलंडलेल्या ट्रॉलरपाशी मिळाली, त्याच्या कठड्याला बांधलेली.

"ओहोटीचा पाणी मध्यरातीपासून भायर जाय होता," धाकू म्हणाला. "ही उलटी आत कशी इली? आणि बांधली कोणी?"

त्याने दोर कापून, गाठ तशीच ठेवून, उशी माझ्या मांडीवर टाकली. मी दोराची गाठ बघितली, मग उजेडाकडे धरून परत बघितली.

दादू डावखुरा होता. जाळ्याच्या गाठी मीच शिकवल्या त्याला. उजव्या हाताने दाखवायची, तो डाव्या हाताने उलट्या मारायचा. डाव्या हातावर छडी मारली, तरी सुधारला नाही. त्याच्या गाठीचं शेपूट डावीकडे निघायचं, आणि त्यावर उगाच एक फेरा जास्त असायचा. "सुटूक नाका म्हणून," म्हणायचा. अख्ख्या खाडीत तशी गाठ दुसरा कुणी मारत नव्हता.

धाकूनेही बघितली. उशी पिळली, तर तेल नाही निघालं. स्वच्छ, थंड, खारं पाणी निघालं. पिळत राहिलो, निघत राहिलं. दोन बाल्द्या भरल्या तरी थांबेना, तेव्हा धाकूने हात काढून घेतले.

"काकी, ही उशी जाळून टाकूया."

मी "हो" म्हणणार होते. एवढ्यात विमला आली. तिने उशी उचलली, गाठीवरून अंगठा फिरवला, एकदाच. मग परत होडीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या सकाळी ती बर्फाच्या खोपीपाशी सापडली, धक्क्याच्या अलीकडे. तीच गाठ. जाळीच्या भोकांतून केस बाहेर आले होते, माणसाच्या उंचीएवढे लांब, पाण्यात पसरलेले. डब्यातला एकही केस एवढा लांब नव्हता. गुरुदास म्हणाला, कुणीतरी मस्करी करतंय. पण बोलताना तो उशीकडे बघत नव्हता.

त्या संध्याकाळी विमलाने न्हाऊन केसांत आबोली माळली. आठ वर्षांत पहिल्यांदा. सेजल कामावरून आली आणि दारातच थबकली. "आई, आज काय आसा?"

"काय नाय गो. असंच."

पोरीने रात्री माझ्या कुशीत शिरून विचारलं, "आजी, आई अशी कित्याक हसता? माका भंय दिसता." एकोणीस वर्षांची घोडी, पण अकरा वर्षांची असल्यासारखी बिलगली. एक गेला होता, दुसरी जायच्या वाटेवर होती, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

तिसऱ्या सकाळी उशी आमच्या घराखालच्या घाटाच्या पायरीशी होती. घाटाला एक दगडी खुंट आहे, तिथे दादू आपली होडी बांधायचा. त्या खुंटाला ती बांधली होती. जाळीचा लाल रंग पार उतरला होता. मी विमलाला म्हटलं, आजपासून होडीत जायचं नाही. ती म्हणाली, "नाय जाणार, आई. आता कित्याक जाऊ? ते हयसरच येतंत."

त्या रात्री मी तिच्या चटईला चटई लावून झोपले. पदराचं टोक तिच्या पदराला बांधलं. तरी म्हातारं शरीर, पहाटे डोळा लागला.

जाग आली ती वासाने. खोलीत डिझेलचा वास होता. आणि त्यात आबोलीचा. पदराला हात लावला. टोक सुटलेलं नव्हतं. विमलाने लुगड्याचा तेवढा काठ फाडला होता. चटई रिकामी, दार उघडं.

बाहेर धुकं. हाताचं बोट दिसत नव्हतं. पाव विकणाऱ्या पोदेराची सायकलही आली नव्हती. खाडीचा आवाज येत नव्हता, आणि खाडीचा आवाज येत नाही असं कधी होत नाही. मी एकेक पायरी चाचपत उतरले. कोयता कधी उचलला ते आठवत नाही.

शेवटच्या पायरीवर विमला बसली होती. पाय पाण्यात. केस मोकळे, पुढे घेतलेले. ते पायरीवरून पाण्यात गेले होते आणि... ताणलेले होते. गळाला मोठा मासा लागला की दोर ताठ होतो, तसे. मधेच थोडे सैल पडायचे, परत ताठ. हळू, एका लयीत.

"विमला," मी म्हटलं.

तिने मान वळवली नाही. वळवता येत नव्हती. "आई... हळू बोला..."

"काय करतेस गे?"

"मी नाय... ते विंचरतत."

पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. मी बघता बघता गुडघ्यांपर्यंत आलं. पाणी चढलं नव्हतं. ती सरकत होती.

मला ठाऊक होतं काय करायचं ते. दोन महिने तेच करत होते. वाकले, तिचे केस मुठीत धरले, तोंड उघडलं. आणि तोंड कोरडं. एक थेंब नाही! भीतीने जीभ टाळ्याला चिकटली होती. सगळ्या गावाच्या केसांवर थुंकून झालं, आणि घरच्या माणसासाठी थुंकी नव्हती.

कनवटीला भिरंडीचं, कोकमाचं, सोल असतं माझ्या, पित्तासाठी. चाचपून काढलं, तोंडात टाकलं. आंबट रसाने तोंड भरलं.

एकदा थुंकले. केस थरथरले.

"आई, नाका!" विमला ओरडली.

दुसऱ्यांदा थुंकले. पाण्याखाली काहीतरी पायरीच्या अगदी जवळ आलं. दिसलं नाही. पण पायरीला पाणी आपटलं, जसं होडी लागताना आपटतं.

"दादू," मी म्हटलं. "झिला, तुझी बायल ती तुझीच रे. पण तुझ्या चेडवाक, सेजलाक, आवय व्हयी. तिका सोड."

केस तसेच ताठ होते. मग खालून, पाण्याच्या आतून, आठ वर्षांनी...

"आये... हयसर काळोख आसा गे."

तुम्हाला झील आहे का? असेल तर विचारू नका तिसऱ्यांदा कशी थुंकले ते.

केस एकदम सैल पडले. मी विमलाला काखेत धरून वर ओढलं. केसांचा जो भाग पाण्यात होता त्यात हाताच्या अंतराने गाठी होत्या, शेपूट डावीकडे, एक फेरा जास्त. त्या सुटेनात. कोयत्याने कापले आणि चुलीत जाळले. लांबून पोदेराचा भोंगा वाजला, पॉं पॉं, आणि खाडीचा आवाज परत आला.

लाल उशी खुंटाला तशीच होती. सोडून आणली, जाळूया म्हणून. उचलली तर हलकी. जाळीचं तोंड मी मारलेल्या सरळ गाठीने बंदच होतं. आत एकही केस नव्हता.

विमला सव्वा महिना माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी पेजेची वाटी पुढे ठेवत म्हणाली, "माझो घोव तुमी घालवलात, आई." मी म्हटलं, "हो गे. माझो झीलही." त्यावर दोघी जेवलो.

त्यानंतर सगळं चांगलंच होत गेलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या उधाणाला तेल वर चढलं नाही. ट्रॉलर कापून नेला. शिंपल्या परत आल्या, आणि गावातली पहिली पाटी धाकूने आमच्या दारात आणून ठेवली. विमलाला धक्क्यावर कायमची नोकरी लागली, बाकीच्या बायका तिच्या हाताखाली. केस परत वाढले तिचे. आता गळलेले केस ती थुंकून टाकते. सेजलसाठी डोंगरातल्या लाटंबार्शाचं स्थळ आलं. काजूची बागायत, घरचं भात, आणि मी मुद्दाम विचारलं, पाणी? म्हणाले, आजी, इथे खाडी नाही, नदीही लांब; अंगणात विहीर आहे तेवढीच. मी लगेच हो म्हटलं.

गेल्या महिन्यात सेजलला मुलगी झाली. बारशाला गेलो. घर माणसांनी भरलेलं, पाहुण्यांची जेवणं, बायकांची गाणी. देवाने दिलं, भरभरून दिलं. दुपारी सगळे ओट्यावर आडवे झाले, आणि मी पाळण्यापाशी बसले.

पाळणा हलत होता. वाटलं, आताच कुणी झोका देऊन गेलं असेल. हलत राहिला. मी दोर धरायला हात वर केला, तर दोर ओला. आढ्यापर्यंत ओला. गाठीवर बोट फिरवलं. आता मला बारीक काही बोटांनीच दिसतं.

शेपूट डावीकडे. एक फेरा जास्त.

"सेजल," मी हाक मारली, "पाळणो कोणी बांधलो गो?"

"सासूबाईंनी, आजी. कित्याक?" ती आतून म्हणाली. "पोर कशी शांत निजली बघलंस? रात्रभर रडा होती. माझ्या केसांचो वास इलो काय गप रवता, म्हणून माझी वेणी कापून उशाक ठेवलंय."

मी पाळण्यात हात घातला. बाळाच्या उशाला वेणी होती. तिलाही पाण्याचा गारवा होता. आणि त्या घरात, डोंगराच्या कुशीत, डिझेलचा बारीक वास.

मी वेणी मुठीत धरली. सोल तोंडात टाकलं. तोंड भरून थुंकी आली.

पोर झोपेत हसली. झोका कुणी देत होतं, हळू, एका लयीत, जसा दादू सेजलला द्यायचा.

थुंकी मी गिळून टाकली.